मांजराचे पोट बिघडले तर?



मांजर डोळे मिटून दूध पिते, ही म्हण तुम्हांला ठाऊक आहे. शिंके तुटले की फावते तेही बोक्याचेच! मांजर आणि दूध ही जोडी आपल्या मनात फार पक्की बसली आहे. म्हणूनच घरातल्या मांजराने एखाद्या दिवशी ओकारी काढली किंवा त्याला पातळ शी झाली, तर पहिला उपाय म्हणून त्याच्यापुढे दुधाची बशी सरकवली जाते. दुधाने भागले नाही तर आजीबाईचा बटवा उघडतो. ओव्याचे पाणी, लसणाची पाकळी, चमचाभर एरंडेल यांतले काही ना काही मांजराच्या घशात जाते. अंग गरम लागले, तर कोणीतरी तापाच्या गोळीचा तुकडाही पुढे करतो. या सर्वांमागचा हेतू चांगलाच असतो. पण यांतील काही उपाय मांजराच्या जिवावर बेततात.

घरगुती उपाय म्हणजे केवळ अडाणीपणा, असे मात्र समजू नका. काही घरगुती उपाय शास्त्राच्या कसोटीला उतरतात, तर काही उतरत नाहीत. ते पारखण्यासाठी तीन प्रश्न विचारावे लागतात. पहिला, नेमके काय बिघडले आहे? दुसरा, हा उपाय कोणत्या रीतीने काम करतो? आणि तिसरा, माणसाच्या शरीरात तो जसा काम करतो तसाच मांजराच्या शरीरात करील काय? बहुतेक चुका होतात त्या हा तिसरा प्रश्न न विचारल्यामुळे. या लेखात आपण तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणार आहोत.

मांजर म्हणजे लहान माणूस नव्हे

आपण मिश्राहारी आहोत. मांजर मात्र पक्के मांसाहारी आहे. ते वाघ-सिंहांच्या कुळातले आहे, हे त्याच्या दाढांकडे पाहूनही कळते. आपल्या दाढा जात्यासारख्या दळतात. मांजराच्या दाढा कात्रीसारख्या एकमेकींवर घसरून मांस कापतात. आपल्या लाळेत पिष्टमय पदार्थ पचवणारा अमायलेज हा विकर असतो, म्हणून भाताचा घास बराच वेळ चघळला की गोड लागतो. मांजराच्या लाळेत हा विकर नसतो, आणि त्याच्या स्वादुपिंडातही तो थोडाच तयार होतो. मांजराचे आतडे त्याच्या शरीराच्या लांबीच्या साधारण चौपट असते. गवत खाणाऱ्या मेंढीचे आतडे तिच्या लांबीच्या सुमारे पंचवीस पट असते. मांस लवकर पचते, त्यासाठी लांबलचक आतड्याची गरज नसते.

आणखी एक गमतीची गोष्ट. मांजराला गोड चव कळतच नाही. गोडी ओळखणाऱ्या ग्राहकाचे एक जनुक मांजरांत निकामी झालेले आहे, असे अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील शास्त्रज्ञांनी २००५ साली दाखवून दिले. तेव्हा मांजर दुधावर तुटून पडते ते गोडीसाठी नव्हे. त्याला ओढ असते ती दुधातल्या स्निग्धांशाची आणि प्रथिनांची.

मांसाहाराची ही सवय मांजराच्या शरीरात किती खोल गेली आहे, हे दोन प्रयोगांवरून कळते. १९७५ साली हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही मांजरांच्या आहारात प्रथिन म्हणून केसीन, म्हणजे दुधातले प्रथिन, दिले होते. त्या मांजरांच्या डोळ्यांतील दृष्टिपटल हळूहळू खराब होत गेले. कारण शोधले तेव्हा कळले की, त्या आहारात टॉरिन नावाचे द्रव्य नव्हते. ते मांसात व माशांत भरपूर असते. आपले शरीर ते स्वतः तयार करते. मांजराला ते पुरेसे तयार करता येत नाही. टॉरिन कमी पडले तर मांजराचे हृदयही दुबळे होते, हे १९८७ साली सिद्ध झाले. दुसऱ्या प्रयोगात, १९७८ साली, मॉरिस आणि रॉजर्स यांनी मांजरांना आर्जिनिन हे एकच अमिनो आम्ल वगळलेले अन्न दिले. अशा एका जेवणानंतर काही तासांतच मांजरांच्या रक्तात अमोनिया साठला आणि ती आजारी पडली.

मग आपल्या खेड्यापाड्यांतली मांजरे दूधभातावर कशी जगतात? उत्तर सोपे आहे. ती केवळ दूधभातावर जगत नाहीत. रात्री ती उंदीर, पाली, पाखरे आणि किडे मारून खातात. दूधभात आपण घालतो, पोषण मात्र त्यांना उंदरांतून मिळते. खोलीत कोंडलेल्या शहरी मांजराला ही सोय नसते, हे ध्यानात ठेवा.

दुधाची बशी

आता दुधाकडे वळू. गाईच्या दुधात शेकडा साडेचार ते पाच भाग लॅक्टोज, म्हणजे दुग्धशर्करा असते. हा साखरेचा मोठा रेणू आतड्याच्या भिंतीतून सरळ रक्तात जाऊ शकत नाही. आधी त्याचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन तुकडे व्हावे लागतात. ते काम लॅक्टेज हा विकर करतो. आईचे दूध पिणाऱ्या पिल्लाच्या आतड्यात लॅक्टेज भरपूर असतो. साधारणपणे चार ते आठ आठवड्यांच्या काळात पिल्लाचे दूध तुटते, आणि त्यानंतर लॅक्टेजचे प्रमाण उतरू लागते. निसर्गाच्या हिशेबाने हे बरोबरच आहे. जंगलात मोठ्या मांजराला दूध देणार कोण? जगातील बहुसंख्य माणसांतही मोठेपणी हा विकर कमी होतो. म्हणून काहींना पेलाभर दूध प्यायल्यावर पोटात गुडगुडते.

न फुटलेले लॅक्टोज आतड्यात तसेच पुढे सरकते. साखरेच्या दाट द्रावणाकडे पाणी ओढले जाते, हा तर्षणाचा नियम तुम्ही शिकला आहात. त्यानुसार शरीरातले पाणी आतड्यात उतरते. मोठ्या आतड्यातले जीवाणू उरलेल्या साखरेवर ताव मारतात. त्यातून आम्ले आणि वायू तयार होतात. परिणाम काय होतो? पोट फुगते, गुडगुडते आणि पातळ शी होते. म्हणजे जुलाब थांबावा म्हणून दिलेले दूधच जुलाब वाढवते!

करून पाहा : एक मोठा बटाटा सोलून त्याचे दोन तुकडे करा. प्रत्येक तुकडा वरून कोरून वाटीसारखा करा आणि खालून सपाट कापा. दोन्ही वाट्या एका ताटलीत थोड्या पाण्यात उभ्या करा. एका वाटीत चमचाभर साखर घाला, दुसरी रिकामी ठेवा. काही तासांनी पाहा. साखरेच्या वाटीत पाणी साठलेले दिसेल. रिकामी वाटी जवळजवळ कोरडीच असेल. साखरेने बटाट्याच्या पेशींतून पाणी ओढून घेतले. न पचलेले लॅक्टोज मांजराच्या आतड्यात हेच करते.

सर्वच मांजरांना दूध बाधते असे नाही. काहींच्या आतड्यात मोठेपणीही थोडा लॅक्टेज शिल्लक असतो, त्यांना चमचा दोन चमचे दूध पचते. दही लागताना जीवाणू काही लॅक्टोजचे लॅक्टिक आम्ल करतात, म्हणून दही त्या मानाने कमी त्रास देते. पण पोट बिघडलेले असताना दूध, दही, ताक यांपैकी कशाचीच मांजराला गरज नसते. त्याला गरज असते पाण्याची.

गवत, केस आणि दोरा

मांजर अंगणातले गवत खाताना तुम्ही पाहिले असेल. पोट दुखते म्हणून ते गवत खाते आणि ओकून मोकळे होते, असे लोक सांगतात. कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी एक हजाराहून अधिक मांजरमालकांना प्रश्न विचारून ही समजूत तपासली. बहुतेक मांजरे गवत किंवा पाने खातात, हे त्यांना आढळले; पण गवत खाण्यापूर्वी आजारी दिसणारी मांजरे फारच थोडी होती, आणि खाल्ल्यावर वारंवार ओकणाऱ्यांची संख्याही निम्म्याहून कमी होती. रानटी पूर्वजांत गवताच्या धाग्यांनी आतड्याची हालचाल वाढून जंत बाहेर पडत असावेत आणि तीच उपजत सवय आजही टिकली असावी, असा त्यांचा तर्क आहे. तेव्हा स्वच्छ, औषध न फवारलेले गवत मांजर आपणहून खात असेल तर खाऊ द्या; पण उपाय म्हणून ते त्याच्या तोंडात कोंबू नका.

मांजर दिवसाचा बराच वेळ अंग चाटण्यात घालवते. त्याच्या जिभेवर केराटिनचे, म्हणजे आपली नखे ज्या पदार्थाची बनतात त्याच पदार्थाचे, बारीक काटे असतात. या काट्यांच्या टोकांना खोबण असते आणि तीत लाळ भरून ती केसांच्या मुळापर्यंत पोहोचते, असे २०१८ साली जॉर्जिया येथील संशोधकांनी दाखवले. हे सर्व काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात. त्यामुळे सुटलेले केस आपोआप पोटात जातात. बहुतेक केस शीवाटे पडतात. कधीमधी त्यांचा लांबट गोळा होऊन मांजर तो ओकते. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या वेळी असे झाले तर घाबरण्याचे कारण नाही. मांजराचे केस दररोज विंचरणे हा यावरचा साधा आणि खात्रीचा घरगुती उपाय होय.

पण याच काट्यांमुळे एक मोठा धोका उद्भवतो. शिवणाचा दोरा, लोकर किंवा संक्रांतीच्या दिवसांत इतस्ततः पडलेला पतंगाचा मांजा मांजराने तोंडात धरला, की त्याला तो सहजी थुंकता येत नाही. काटे त्याला आतच ढकलतात. दोऱ्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकते आणि दुसरे आतड्यात उतरते. आतडे तो पुढे ढकलू पाहते, पण दोरा हलत नाही. मग नाडी ओढल्यावर पायजम्याला चुण्या पडाव्यात तसे आतडेच दोऱ्यावर गोळा होते. ताणलेला दोरा आतड्याची भिंत कापू शकतो. म्हणून मांजराच्या तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला, तर तो कधीही ओढू नका. त्याला तसेच जनावरांच्या डॉक्टरकडे न्या.

यकृतातली एक उणीव

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग. आपण खाल्लेली औषधे आणि वनस्पतींतील उग्र द्रव्ये शरीरात कायमची राहत नाहीत. यकृत त्यांना ग्लुक्युरॉनिक आम्लाची जोड देते. ही जोड मिळाली की द्रव्य पाण्यात विरघळते आणि लघवीतून किंवा पित्तातून बाहेर पडते. टपालात पाकिटावर पत्ता लिहिला की ते योग्य ठिकाणी पोहोचते, तसेच हे आहे. मांजराच्या यकृतात हा ‘पत्ता लिहिणाऱ्या’ विकरांपैकी काही नाहीतच, कारण त्यांचे जनुक निकामी झाले आहे. हजारो पिढ्या फक्त मांस खाणाऱ्या प्राण्याला वनस्पतींतली विषे निकामी करण्याची गरज फारशी पडली नसावी, असे यामागचे कारण सांगतात.

याचा परिणाम पाहू. ताप उतरवण्यासाठी आपण घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी ५०० मिलिग्रॅमची असते. ५० किलो वजनाच्या माणसाच्या बाबतीत ती दर किलोमागे १० मिलिग्रॅम पडते. ४ किलोच्या मांजराला तीच गोळी दिली, तर दर किलोमागे १२५ मिलिग्रॅम, म्हणजे साडेबारा पट मात्रा होते. तुम्ही म्हणाल, मग गोळीचा बारीकसा तुकडा द्यावा. पण येथे साधे त्रैराशिक कामाला येत नाही! मांजराच्या यकृताला पॅरासिटामॉल नीट बाहेर काढताच येत नाही. न निघालेल्या औषधापासून एक विषारी द्रव्य तयार होते. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनचे ऑक्सिडीभवन करून त्याचे मेथहिमोग्लोबिन बनवते, आणि हे मेथहिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. मांजराच्या हिरड्या तपकिरी किंवा निळसर होतात, तोंड व पंजे सुजतात, श्वास लागतो. एका गोळीने मांजर दगावू शकते. तुकड्यानेही विषबाधा होते. ॲस्पिरिनचेही असेच आहे. मांजराच्या रक्तातील त्याचे प्रमाण निम्मे होण्यासच सुमारे दीड दिवस लागतो.

कांदा व लसूण यांतील गंधकयुक्त द्रव्ये मांजराच्या तांबड्या पेशींवर असाच घाला घालतात. मांजराचे हिमोग्लोबिन मुळातच अशा हल्ल्याला लवकर बळी पडणारे आहे. त्यामुळे तांबड्या पेशी फुटतात आणि मांजराला पंडुरोग होतो. कांदा शिजवला तरी हा दोष जात नाही. म्हणून कांदा-लसणाच्या फोडणीचा रस्सा मांजराला घालू नये. ओव्यातील थायमॉल आणि लवंगेतील युजेनॉल ही द्रव्ये फिनॉल जातीची आहेत, आणि फिनॉल बाहेर टाकणे हेच मांजराच्या यकृताला जड जाते. ओव्याचा किंवा लवंगेचा अर्क, तेल, बाम यांपासून मांजराला दूरच ठेवा. काळ्या फिनेलने पुसलेल्या ओल्या फरशीवरून मांजर चालते आणि नंतर पंजे चाटते, तेव्हाही हेच विष त्याच्या पोटात जाते. फरशी नुसत्या पाण्याने पुन्हा पुसून कोरडी करणे हा सोपा उपाय आहे.

एरंडेल, खोबरेल किंवा पातळ पॅराफिन बळेच पाजण्यात आणखी एक धोका आहे. तेलकट, बेचव द्रव घशात गेला तरी खोकला लगेच येत नाही. तो श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरतो आणि न्यूमोनिया होतो. ओकारी काढण्यासाठी मिठाचे पाणी पाजणे तर सर्वांत वाईट. त्याने रक्तातले सोडियम एकदम वाढते आणि मेंदूवर परिणाम होतो.

मग घरी करावे काय?

मांजर एखाद-दुसऱ्या वेळी ओकले किंवा त्याला एक-दोनदा पातळ शी झाली, पण ते खेळते आहे, हाक मारली की येते आहे, तर पुढील गोष्टी घरी करता येतील.

१. पाणी द्या. मांजराचे पूर्वज पश्चिम आशियातील व उत्तर आफ्रिकेतील कोरड्या प्रदेशात राहणारी रानमांजरे होती. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी धान्याच्या कोठारांतील उंदरांमागे ती माणसाच्या वस्तीत आली. वाळवंटी वारशामुळे मांजराला तहान कमी लागते; बरेचसे पाणी ते शिकारीच्या मांसातून मिळवते. म्हणून घरात दोन-तीन ठिकाणी, जेवणाच्या ताटलीपासून दूर, पसरट भांड्यात ताजे पाणी ठेवा. पाणी तोंडात ओतू नका. ते आपणहून पिऊ द्या.

२. पोटाला थोडी विश्रांती द्या, उपवास मात्र घडवू नका. मोठ्या मांजराला पाच-सहा तास अन्न दिले नाही तर चालते. त्याहून लांबवू नका. मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर शरीरातली चरबी यकृतात येऊन साठते आणि यकृताचे काम बंद पडू लागते. ‘लंघन हेच औषध’ हे मांजराला लागू पडत नाही. पिल्लांना तर मुळीच उपाशी ठेवू नये.

३. हलके अन्न द्या. कोंबडीचे हाड काढलेले मांस मीठ, मसाला, हळद, तेल काही न घालता उकडा. तीन-चार तासांनी एक-दोन चमचे द्या. टॉरिन पाण्यात विरघळते, म्हणून उकडल्याचे कोमट पाणीही त्यात घाला. हे अन्न दोन-तीन दिवसच द्यावे, कारण एकट्या उकडलेल्या मांसात मांजराला लागणारे कॅल्शियम पुरेसे नसते. मग नेहमीचे अन्न थोडे थोडे मिसळत पूर्ववत करा.

४. नोंद ठेवा. वहीत तारीख व वेळ लिहून मांजर किती वेळा ओकले, शी कशी होती, त्याने काय खाल्ले, किती पाणी प्याले हे टिपा. डॉक्टरकडे जावे लागले तर ही वही फार उपयोगी पडते. मांजर बोलत नाही. ही वहीच त्याच्या वतीने बोलते.

आता तुमच्या मनात आले असेल, जुलाबावर माणसाला मीठ-साखर-पाणी देतात, मग मांजराला का देऊ नये? आतड्याच्या भिंतीतून ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी जाते, हे त्यामागचे तत्त्व. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच उपायाने असंख्य पटकीच्या रोग्यांना वाचवले. हे तत्त्व मांजरालाही लागू आहे. पण गोडी न कळणारे मांजर ते आवडीने पीत नाही. बळेच पाजले तर श्वासनलिकेत जाते. आणि मीठ थोडे जास्त पडले तर लहानशा शरीराला ते बाधते. म्हणून मात्रा डॉक्टरने ठरवावी. पाणी फार कमी झाले असेल तर डॉक्टर मांजराच्या मानेवरच्या सैल कातडीखाली सलाईन देतात.

शरीराची भाषा वाचा

पाणी कमी झाले की नाही, हे ओळखण्याच्या साध्या खुणा आहेत. निरोगी मांजर शांत असताना त्याच्या दोन खांद्यांमधली कातडी चिमटीत हलकेच उचला आणि सोडा. ती चटकन पूर्ववत झाली पाहिजे. हळूहळू खाली बसत असेल तर शरीरात पाणी कमी आहे. मात्र म्हाताऱ्या किंवा फार रोड मांजराची कातडी एरवीही सावकाश बसते, आणि लठ्ठ मांजराची पाणी कमी असूनही लवकर बसते. म्हणून दुसरी खूण पाहावी. मांजर चावरे नसेल तर ओठ अलगद उचलून हिरडी बघा. ती गुलाबी व ओलसर हवी. बोटाने दाबून सोडली की पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हावी. तिसरी खूण श्वासाची. झोपलेल्या निरोगी मांजराचे श्वास मिनिटाला साधारण १५ ते ३० असतात. आपले मांजर धडधाकट असतानाच या तिन्ही गोष्टी पाहून ठेवा. म्हणजे आजारपणातला फरक लगेच ध्यानात येईल.

पुढीलपैकी एकही लक्षण दिसले, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे जावे. तालुक्याच्या गावी जनावरांचा सरकारी दवाखाना असतो, हे विसरू नका.

• दिवसभरात वारंवार ओकाऱ्या, किंवा प्यालेले पाणीही पोटात न ठरणे.
• शीमध्ये किंवा ओकारीत रक्त. डांबरासारखी काळी शी.
• चोवीस तास काहीही न खाणे.
• हिरड्या पांढऱ्या, पिवळ्या, निळसर किंवा तपकिरी दिसणे.
• तोंड उघडे टाकून धापा टाकणे, कोपऱ्यात निपचित पडून राहणे.
• औषधाची गोळी, उंदीर मारण्याचे औषध, लिलीच्या जातीचे फूल किंवा पान, दोरा यांपैकी काही खाल्ल्याचा संशय. खऱ्या लिलीचा परागही मांजराच्या मूत्रपिंडांना घातक असतो.
• लहान पिल्लाला ओकारी व जुलाब. हा पॅनल्युकोपेनिया हा विषाणुजन्य रोग असू शकतो. त्यात पांढऱ्या पेशी झपाट्याने घटतात आणि पिल्ले पटापट दगावतात. त्यावर घरगुती उपाय नाही. वेळेवर टोचलेली लस हेच संरक्षण.

आणि एक लक्षण वेगळे सांगितले पाहिजे, कारण त्यात हमखास फसगत होते. बोका पुन्हा पुन्हा मातीत जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, पण काही होत नाही. घरातली माणसे म्हणतात, ‘याला मलावरोध झाला,’ आणि एरंडेल शोधू लागतात. पुष्कळदा अडलेली असते ती शी नव्हे, लघवी! बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असल्यामुळे बारीक खडे आणि चिकट द्रव्य त्यात अडकते. लघवी तुंबली की रक्तातले पोटॅशियम वाढते आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकते. येथे उपाय चुकला म्हणून नव्हे, तर उपाय करण्यात वेळ गेला म्हणून प्राणी दगावतो. म्हणून कुंथणाऱ्या बोक्याला पाहिल्यावर पहिला प्रश्न विचारा : याला शेवटची लघवी कधी झाली?

आपलीही काळजी

पिल्लांच्या पोटदुखीचे एक नेहमीचे कारण म्हणजे जंत. गोल जंतांच्या अळ्या आईच्या दुधातूनच पिल्लांच्या पोटात जातात. पट्टकृमी मांजराच्या अंगावरच्या पिसवांमार्फत पसरतो आणि त्याचे तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे शेपटीखाली चिकटलेले दिसतात. कडुनिंब, कारले यांचे रस न पाजता वजनाप्रमाणे जंतांचे औषध डॉक्टरकडून घ्यावे. हे जंत आणि टॉक्सोप्लाझ्मा नावाचा आदिजीव माणसालाही बाधतात. टॉक्सोप्लाझ्मा शीतून पडल्यावर संसर्ग करण्याजोगा होण्यास एक ते पाच दिवस घेतो. म्हणून मांजराची शी रोजच्या रोज उचलावी आणि साबणाने हात धुवावेत. गरोदर स्त्रियांनी हे काम करू नये.

आजारी मांजर एरवी गरीब असले तरी घाबरून चावते. ते टॉवेलमध्ये गुंडाळून धरावे. चावले किंवा ओरखडले, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. आपल्या देशात मांजराच्या चाव्यातूनही रेबीज होऊ शकतो.

तेव्हा मित्रांनो, घरातले मांजर आजारी पडले तर बटव्याकडे हात जाण्याआधी ते तीन प्रश्न आठवा. आजीला किंवा शेजाऱ्यांना दुखवण्याची गरज नाही. हा लेख त्यांना वाचून दाखवा, बटाट्याची वाटी करून दाखवा, आणि दुधाऐवजी पाण्याची बशी मांजरापुढे सरकवा.

स्वाध्याय

१. शास्त्रीय कारणे द्या : (अ) मोठ्या मांजराला दूध पाजल्यास जुलाब होतात. (आ) मांजराच्या तोंडातून लोंबणारा दोरा ओढू नये. (इ) कांदा शिजवूनही मांजराला घालू नये.

२. ४ किलो वजनाच्या मांजराला दिवसाला सुमारे २०० मिलिलीटर पाणी लागते. त्याने शेकडा ७० भाग पाणी असलेले १५० ग्रॅम मांस खाल्ले, तर त्याला आणखी किती पाणी प्यावे लागेल? त्याऐवजी शेकडा १० भाग पाणी असलेले ६० ग्रॅम कोरडे खाद्य खाल्ले तर? दोन उत्तरांतील फरकावरून कोणता निष्कर्ष निघतो?

३. गवत खाल्ल्यामुळेच मांजर बरे झाले, असे तुमचा मित्र म्हणतो. त्याचे म्हणणे तपासण्यासाठी तुम्ही कोणत्या नोंदी ठेवाल?

४. तुमच्या परिसरात पाळीव जनावरांसाठी केले जाणारे पाच घरगुती उपाय वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. प्रत्येकाला लेखातले तीन प्रश्न लावा. ज्यांची उत्तरे मिळाली नाहीत, ती वर्गशिक्षकांच्या मदतीने जनावरांच्या दवाखान्यातील डॉक्टरांना विचारा.

शिक्षकांसाठी : तर्षण, विकर आणि अन्नपचन हे पाठ शिकवताना बटाट्याचा प्रयोग तासाच्या आरंभी मांडून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी त्यावर चर्चा घ्यावी. जिवंत प्राण्यावर कोणताही उपाय ‘करून पाहण्यास’ विद्यार्थ्यांना सांगू नये. प्राण्यांच्या बाबतीत त्यांनी फक्त निरीक्षण करावे.